लाईट गेल्यावरचा भाग

या प्रकरणाबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. आपल्या आयुष्याविषयी लिहायला बसलेली माणसं भूक लिहितात, धडपड लिहितात, थोरामोठ्यांच्या भेटी लिहितात. मी मात्र एक अख्खं प्रकरण टीव्हीवरच्या विनोदी मालिकांवर खर्च करणार आहे. त्यात मला अधिकारही काही नाही. मी कधी नाटकात काम केलं नाही, विनोदाची एक ओळ लिहिली नाही, आणि लग्नाच्या पंगतीत कुणी चुटका सांगायला उभं केलंच तर मला शेवट आधी आठवतो आणि सुरुवात नंतर. आयुष्यभर लातूरला रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. पण आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि त्या पायरीवर मी टिकून कसा राहिलो, हे खरं सांगायचं तर एका विनोदी मालिकेशिवाय सांगता येत नाही. म्हणून लिहितो. वाचणाऱ्याला पोरकट वाटलं तर त्याने पुढच्या प्रकरणाकडे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

बारावीनंतर मला लातूरला जागा मिळाली नाही, नांदेडला मिळाली. आमचं गाव रेणापूरच्या पलीकडे. नांदेड म्हणजे आम्हाला परदेशच. तिथे नात्यातलं कुणी नव्हतं, होते ते यासीनचाचा. चाचा पिंजारी. थंडीच्या तोंडाला खांद्यावर धनुष्यासारखी धुनकी टाकून ते आमच्या भागातल्या गावांत फिरायचे, जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे, नव्या रजया भरायचे. आमच्या गावात आले की मुक्काम आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. माझे वडील, अण्णा, फार कमी बोलायचे. चाचा फार जास्त बोलायचे. त्यामुळे दोघांचं छान जमायचं. चाचा बोलत राहायचे, अण्णा तंबाखू मळत ऐकत राहायचे, आणि चाचा निघाले की अण्णा आईला म्हणायचे, “लई गप्पा झाल्या बघ ह्या बारीला.” मला नांदेडला जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा अण्णांनी एवढंच विचारलं, “यासीनमियाँचं घर हाय की तिथं?” आणि माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढली.

चाचांचं घर इतवारा भागातल्या एका गल्लीत होतं. पुढची मोठी खोली म्हणजे दुकान, मागे दोन खोल्या, न्हाणी आणि एक लिंबाचं झाड. दिवसभर धुनकीच्या ताणलेल्या तातेचा आवाज चालायचा, टंग् टंग् टंग्, आणि त्या तालावर मी सेंद्रिय रसायनशास्त्राची समीकरणं पाठ करायचो. आजही बेंझीनचं कडं काढताना माझ्या कानात ती तात वाजते. घरभर कापसाचे तंतू उडत असत. ते केसांत, पाण्याच्या माठात, वह्यांत सापडायचे. चाची वरण वाढताना आधी फुंकर मारायची आणि मग पळी घालायची. खोलीच्या एका कोपऱ्यात, लाकडी पेटीतला, दोन सरकती दारं असलेला टीव्ही होता. काळापांढरा. चालू केला की त्याची काच आजूबाजूचे सगळे तंतू स्वतःकडे ओढून घ्यायची. थोड्या वेळात पडद्यावरची माणसं बर्फात उभी असल्यासारखी दिसायला लागायची. म्हणून मालिका सुरू व्हायच्या आधी चाची ओल्या फडक्याने काच पुसायची आणि मधेच पुन्हा एकदा पुसायची. मधेच पुसताना आड येणाऱ्या चाचीला “चाची, हटा” म्हणायची हिंमत गल्लीत फक्त कमलमावशीत होती.

कमलमावशी समोर राहायची. पापड लाटून विकायची. अंगाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. तिचं हसू नेहमी उशिरा यायचं. सगळ्यांचं हसून झालं, खोली शांत झाली, पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झाला की मग तिला आधीचा विनोद पोचायचा, आणि ती अशी हसायची की सगळे पुन्हा हसायला लागायचे. एका विनोदावर आमच्या गल्लीत दोनदा हसू यायचं ते तिच्यामुळे.

शुक्रवार हा त्या घराचा खास दिवस होता. चाचांचं दुकान बंद, तात गप्प, आणि रात्रीच्या जेवणाला खिचडी-खट्टा. मसुरीची पिवळी खिचडी, आणि त्यावर चिंच, तीळ नि शेंगदाण्याचं आंबट पाणी. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आईच्या हातची आमटी विसरलो, हे आईला कधी सांगितलं नाही. जेवणाआधी, दिवेलागणीला, ‘तळमजला’ नावाची मालिका लागायची. गल्लीतली दहा-पंधरा माणसं जमायची आणि दुकानात तयार होऊन पडलेल्या गाद्यांवर बसायची. चाचांची हरकत नसायची. नियम एकच, लग्नात द्यायच्या गादीवर कुणी बसायचं नाही. ती भिंतीलगत आडवी, वर चादर टाकून वेगळी ठेवलेली असायची. एकदा मी चुकून टेकलो तर चाचा म्हणाले, “उठ बेटा. उस पे दुल्हन से पहले कोई नक्को.”

‘तळमजला’ची गोष्ट साधी होती. पुण्यातली एक इमारत, आणि तळमजल्यावर एकटे राहणारे सबनीस नावाचे गृहस्थ. इमारतीत कुणाकडेही जायचं असलं तरी माणूस पहिलं दार सबनीसांचं वाजवणार. “कुलकर्णी इथंच का?” सबनीस सांगणार, “दुसरा मजला, डावीकडे.” एवढं सांगून दार लावलं तर प्रश्नच नव्हता, पण सबनीसांना तसं जमायचं नाही. ते आलेल्याला पाणी द्यायचे, कुठून आलात विचारायचे, आणि मग त्याच्या भानगडीत असे अडकायचे की शेवटी कुलकर्णींच्या मुलीला बघायला आलेला पाहुणा सबनीसांच्याच घरी पोहे खाऊन पसंती कळवून जायचा. सगळ्या इमारतीकडे माणसं यायची. सबनीसांकडे म्हणून कधी कुणी यायचं नाही. हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं त्यामुळेच आम्ही इतके हसायचो.

आणि मग लाईट जायची. नांदेडात तेव्हा लाईट जाण्याला वेळकाळ नव्हता, पण आमची अशी ठाम समजूत होती की लाईटवाल्यांना ‘तळमजला’च्या प्रत्येक भागाचा शेवट नेमका कुठे सुरू होतो ते ठाऊक आहे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी नवीनच होतो. पडद्याचा एक पांढरा ठिपका झाला आणि विझला.

“गेली मेली!” अंधारात कमलमावशी म्हणाली. “आता त्या सबनीसाचं काय झालं असंल?”

चाचांचा आवाज आला, “दिगंबर बेटा, तू बता. आगे क्या हुआ?”

“मला काय माहीत, चाचा?”

“फिर कॉलेज में क्या सिखाते तेरे कू?”

हे ते चेष्टेने बोलले नव्हते. गल्लीत कॉलेजात जाणारा मी एकटाच, आणि इतकी जाडजूड पुस्तकं वाचणाऱ्याला एका मालिकेचा शेवट सांगता येऊ नये याचं त्यांना खरंच नवल वाटलं होतं. कमलमावशीही म्हणाली, “सांग की रं, लाजतो काय पोरीवानी.” मग मी घाबरत, अडखळत एक शेवट सांगितला. त्यात सबनीसांनी सगळ्या इमारतीला गोळा करून शेजाऱ्याने शेजाऱ्याशी कसं वागावं ते समजावून सांगितलं. अंधारात कुणीतरी जांभई दिली. मग कमलमावशी म्हणाली, “हे तर झेंडावंदनाला सरपंच बोलतो तसं झालं.” त्यावर मात्र सगळे हसले. विनोदाबद्दलचा माझा पहिला धडा तो. माणसाला हसवता हसवता शहाणं करायला गेलं की दोन्ही हातचं जातं.

पण प्रथा पडली ती पडलीच. लाईट गेली की उरलेला भाग मी सांगायचा. मी खोटं रचतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती. फक्त शेवट पटला पाहिजे. न पटला तर कमलमावशी तो परत पाठवायची, करपलेला पापड बाजूला काढावा तसा. “सबनीस असं करणार न्हाई. दुसरं सांग.” मी दुसरं सांगायचो. हळूहळू मला कळायला लागलं की विनोद बाहेरून आणून चिकटवता येत नाही, तो त्या माणसाच्या स्वभावातून निघावा लागतो. सबनीस केळाच्या सालीवरून घसरले असं मी सांगितलं तर कुणी हसायचं नाही. सबनीसांनी साल उचलली, टाकायची कुठे म्हणून विचारायला वरच्या मजल्यावर गेले आणि साल हातात घेऊन तिथेच जेवायला बसले, असं सांगितलं की हसायचे.

त्या अंधारातच माझी एक परीक्षा तयार झाली, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत मी प्रत्येक विनोदी मालिकेला तीच लावत आलो. लाईट गेल्यावर बघणारे काय म्हणतात? “आता त्याचं काय होईल?” म्हणाले तर मालिका चांगली. “चला, झोपा” म्हणाले तर मालिका संपली तरी चालेल. ही काही विद्वानांची परीक्षा नव्हे, आणि चुकीचीही असेल. पण माझ्याकडे दुसरी नाही.

केबल आली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो आणि घरात रंगीत टीव्ही होता. आठवड्याची मालिका रोजची झाली. रोज हसवायचं म्हणजे रोज पुरण घालण्यासारखं आहे, चौथ्या दिवशी कुणाला जात नाही. मग मागून हसण्याचे आवाज यायला लागले. मला ते आवाज कधीच सहन झाले नाहीत, कारण त्यांच्यात कमलमावशी नव्हती. सगळे एकाच वेळी हसतात आणि एकाच वेळी गप्प होतात, असं कुठल्या गल्लीत होतं? त्यानंतर पुरुषांनी साड्या नेसायचा काळ आला, आणि मोठ्या खुर्च्यांत बसलेल्या पाहुण्यांनी विनोद संपायच्या आत टाळ्या पिटत खुर्चीवरून घसरायचा. त्यातले काही कलावंत खरोखर गुणी आहेत, मी हसतो, खोटं कशाला बोलू. पण लाईट गेली तर “चला, झोपा” असंच मी म्हणेन. आता माझी मुलगी फोनवर मिनिटभराचे तुकडे दाखवते. ते तर लाईट जायच्या आतच संपतात.

एका बाबतीत मात्र मी जुन्या काळाची बाजू घेणार नाही. ‘तळमजला’त एक दूधवाला होता, खेड्यातला, आणि तो तोंड उघडायच्या आतच इमारत हसायची. तो “न्हाई” म्हणाला की विनोद झाला. एकदा आमच्याकडे तो भाग चालू असताना कमलमावशीने सगळ्यांकडे बघून विचारलं, “आपल्यावानीच तर बोलला की. हसायचं काय त्यात?” त्या काळात टीव्हीवर आमच्यासारखं बोलणारा माणूस एक तर दूधवाला असायचा नाही तर गडी. आज आमच्या लातूर-नांदेडची पोरं स्टेजवर उभी राहून आपल्या बोलीत अख्खा कार्यक्रम पेलतात, आणि ते बघून माझी छाती फुगते. हे आधी नव्हतं. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे आवर्जून सांगतो.

आता त्या शुक्रवाराकडे येतो.

मी दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीनंतर माझा थोरला भाऊ साखर कारखान्यावर नोकरीला लागला आणि शेतात अण्णा एकटे पडले. तोवर माझ्या शिक्षणाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, कारण माझ्या हातांची गरज पडली नव्हती. आता पडली होती. गुरुवारी आमच्या भागातला एक कंडक्टर कॉलेजच्या दारात येऊन मला शोधत उभा राहिला. आईने त्याच्याकडे निरोप दिला होता. “अण्णा उद्या येऊन राहिले. तुला घरी न्यायला. आई म्हणली, मनाची तयारी ठिव.” एवढं सांगून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपली गाडी गाठली. मी प्रयोगशाळेत परत गेलो आणि एक परीक्षानळी फोडली.

घरी येऊन मी पेटी बाहेर काढून ठेवली. चाचीने ती पाहिली, मी जेवलो नाही तेही पाहिलं, आणि चाचांना सांगितलं. चाचा सुई-दोरा बाजूला ठेवून माझ्याजवळ आले. “तू बाप से बोल, मेरे कू पढना है.”

“चाचा, अण्णांपुढं माझं तोंड उघडत नाही.”

“हौ, वो तो है,” चाचा म्हणाले. “उन के आगे तो मेरा मुँह भी बस चलता, खुलता कहाँ.” मग जरा विचार करून म्हणाले, “आने दे. मेहमान है. पहले खाना खिलाएंगे, बाद में देखेंगे.”

शुक्रवारी मी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी फेऱ्या मारत होतो. अण्णा आले नाहीत. संध्याकाळ झाली, गल्ली जमली, कारण त्या दिवशी ‘तळमजला’चा शेवटचा भाग होता. कमलमावशी तर नवं लुगडं नेसून आली होती. चाचीने काच पुसली, गाणं सुरू झालं, आणि दारात अण्णा. डोक्याला पटका, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, हातात कापडी पिशवी. स्टँडवरून ते चालत निघाले होते आणि चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरले होते. “दिगंबर हितंच राहतो का?” असं त्यांनी किती दारांत विचारलं असेल कोण जाणे. चाचा उठून गळ्यात पडले, चाचीने पाणी दिलं, पण पडद्यावर सबनीस आले होते आणि खोलीभर माणसं. बोलायला सवड नव्हती. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीशी असलेली एकमेव मोकळी जागा बघून तिथे बसले. ती लग्नाची गादी होती. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा टीव्हीकडे बघत राहिले.

त्या भागात सबनीस घर सोडून चालले होते. इमारत पडणार होती, सगळ्यांचं सामान निघालं होतं, आणि वरच्या मजल्यांवरची माणसं सबनीसांच्याच दारातून निरोप घेऊन जात होती. मी बघत होतो आणि काहीच दिसत नव्हतं. माझं सगळं लक्ष माझ्या पाठीशी बसलेल्या माणसाकडे होतं. सगळे हसत होते. अण्णांचा आवाज नव्हता. शेवटी सबनीस एकटे उरले. त्यांनी दाराला कुलूप लावायला घेतलं आणि तेवढ्यात एक अनोळखी म्हातारा पिशवी घेऊन समोर आला. त्याने विचारलं, “सबनीस इथंच राहतात का?” सबनीसांच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना विचारत आलं होतं.

आणि लाईट गेली.

अशी बोंब मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही. कमलमावशीने लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग सगळे एकदम म्हणायला लागले, “दिगंबर! दिगंबर, बोल!”

अण्णांसमोर मी सलग दोन वाक्यं कधी बोललो नव्हतो. घरी मी “हाव अण्णा” आणि “न्हाई अण्णा” एवढंच बोलायचो.

“बोल बेटा,” चाचा हळू म्हणाले. “अंधेरा है. कोई नहीं दिखता.”

ते खरं होतं. मी डोळे मिटले, म्हणजे अजून अंधार केला, आणि सुरुवात केली. म्हणालो, सबनीसांना इतकी वर्षं सवय लागलेली. त्यामुळे “सबनीस इथंच राहतात का” असं ऐकल्यावर त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “तिसरा मजला, उजवीकडे.” म्हातारा वर गेला. खोली हसली. मी म्हणालो, तिसऱ्या मजल्यावर कुणी नाही, सगळं सामान गेलेलं. म्हातारा खाली आला. सबनीस म्हणाले, “भेटले का?” म्हातारा म्हणाला, “कुलूप आहे.” सबनीस म्हणाले, “कुठं जाणार? येतीलच. तोवर बसा, पाणी घ्या.” आता हसू थांबत नव्हतं. मग सबनीसांनी बांधलेल्या सामानातून स्टो काढला, कपबशा काढल्या, चहा केला आणि म्हाताऱ्याला विचारलं, “कोण हो हे सबनीस? मी इतकी वर्षं राहतो, पण मला कधी भेटले नाहीत.” आणि हे स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचा हात थांबला, चहा बशीतून सांडला, आणि ते म्हणाले, “अहो, मीच की तो.”

मी थांबलो. सगळे हसत होते. मग एक बारीक आवाज आला, शेजारच्या कुणा मुलीचा, “पण तो म्हातारा कोण होता?”

हे मी ठरवलं नव्हतं. मी अडकलो. मग भिंतीकडून, लग्नाच्या गादीवरून, अण्णांचा आवाज आला.

“बाप असंल त्याचा. दुसरं कोन येतंय एवढ्या लांब, इचारत इचारत.”

खोली शांत झाली. आणि त्या शांततेत, नेहमीसारखं उशिरा, कमलमावशीला चहा सांडल्याचा विनोद पोचला. ती अशी काही हसली की चाची हातात कंदील घेऊन आली ती हसतच आली. उजेड झाला तेव्हा मी वळून पाहिलं. अण्णा तंबाखू मळत होते. ते हसले होते की नाही ते अंधारात राहिलं.

रात्री अण्णांनी खिचडी-खट्टा तीनदा घेतला आणि चाचीला म्हणाले, “आमटी लई ग्वाड झाली.” चाची म्हणाली, “भाईसाब, वो खट्टा है.” सकाळी त्यांनी पिशवी उघडली. आईने दिलेली धपाटी आणि शेंगाची चटणी माझ्या हातात दिली. पिशवीच्या तळाशी अंबाडीचा नवा दोर होता, नीट वेटोळं केलेला. तो त्यांनी बाहेर काढला, हातात धरून थोडा वेळ बघितला आणि चाचांना दिला. “घ्या मियाँ. गाद्या बांधायला हुईल.” मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. पेटी घरीच राहिली होती. त्यांनी मागितली नव्हती आणि मी उचलली नव्हती. गाडी लागली तेव्हा माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “अण्णा, माझं मग...”

“परीक्षा कधी हाय?”

“मार्चात.”

“मग जा की. हितं काय उभारलास?”

एवढंच. पुढे मी पास झालो, लातूरला लागलो, लग्न झालं. अण्णा आले कशाला होते आणि गेले का, यावर आमच्यात एक शब्द झाला नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेत त्यांनी एक गडी ठेवून केलं. मला नेहमी वाटायचं, चाचांनी रात्री त्यांची समजूत घातली असणार. चाचांना विचारलं तर ते म्हणायचे, “मैं क्या बोला? मैं तो सो गया था.” त्यांच्यावर माझा विश्वास बसला नाही. भरपूर वय होऊन, शेवटपर्यंत भाकरी खात, अण्णा गेले. चाचा त्यांच्या आधी गेले.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने मला हाक मारली. “बाबा, तुमचं ते तळमजला सापडलं.” कुणीतरी त्या काळी कॅसेटवर उतरवून ठेवलेलं फोनवर चढवलं होतं. चित्र थरथरत होतं, पण शेवटचा भाग पूर्ण होता. मी चष्मा पुसून बसलो. म्हातारा विचारतो, “सबनीस इथंच राहतात का?” सबनीस म्हणतात, “मीच.” म्हातारा म्हणतो, “बरं झालं. नाक्यावर म्हणाले, पत्ता तुम्हीच नीट सांगता. मला स्टेशनला जायचंय.” सबनीस जरा थांबतात. मग दाराला कुलूप लावतात, आपली वळकटी उचलतात आणि म्हणतात, “चला, मलाही तिकडेच जायचंय.” दोघं चालत जातात. मागे हसण्याचा आवाज नाही, गाणंही नाही, फक्त चपलांचा आवाज. प्रामाणिकपणे सांगतो, हा शेवट माझ्या शेवटाहून चांगला आहे. लिहिणाऱ्याला विनोद कळत होता. इतकं चांगलं आता कुणी लिहितं का, असं म्हणायचा मोह झाला, पण माझं आता बघणंही कमी झालंय.

पुढच्याच आठवड्यात गावी गेलो तेव्हा तो फोन घेऊन मी फाट्यावरच्या बळीरामकाकांच्या हॉटेलात गेलो. बळीरामकाका अण्णांचे दोस्त. अण्णा म्हातारपणी रोज सकाळी तिथे बसायचे. मी म्हणालो, “काका, एक गंमत दाखवतो. ही मालिका अण्णांनी माझ्याबरोबर नांदेडला पाहिली होती, पण शेवट राहिला होता.” काकांनी फोन डोळ्यांजवळ धरून सगळं नीट बघितलं. मग परत दिला.

“हे खरं न्हाई, दिगू.”

“खरंच आहे काका. हाच शेवट.”

“ह्याच्यात दोर कुठं हाय?”

“कसला दोर?”

“तुझा बाप शंभरदा सांगायचा की ही गोष्ट. हितंच बसून. आख्ख्या फाट्याला पाठ हाय.” काकांनी गिऱ्हाइकाला चहा दिला आणि माझ्यासमोर बसले. “म्हातारा येतो ते पोराला घरी न्यायला. पोराची पेटी बांधायला पिशवीत नवा दोर घेऊन. इचारत इचारत येतो, तर पोरगं त्यालाच वरच्या मजल्यावर धाडतंय. लई हसायचा तुझा बाप हे सांगताना. डोळ्यांतनं पाणी यायचं त्याच्या.”

“आणि मग?”

“मग काय. म्हातारा बघतो तर लाईट गेलेली, आन् अंधारात सगळी गल्ली त्या पोराचं ऐकून राहिली. म्हणतो, घरी तर हे पोरगं तोंड उघडत न्हाई. हितं ह्याच्या एका शब्दावर एवढी माणसं हसतेत, आन् ह्याला मी बैलामागं लावू? तसाच माघारी आला.”

मी विचारलं, “आणि दोराचं काय झालं?”

“दोर? तो गादीवाल्याला दिऊन टाकला.”

“पण काका, त्या मालिकेत गादीवाला कुठंय?”

“ते मला काय म्हाईत,” बळीरामकाका म्हणाले. “तुझा बाप सांगायचा तसं सांगून राहिलो.”